तिथे माझं कोण आहे

लिटलटन, न्यूझीलंड,
19 जून 2011

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे तुझं आहे कोण?" मला पटकन बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

13 तारखेला दुपारी पुन्हा भूकंपाचे दोन मोठे हादरे बसले. मी सुखरूप आहे. पण टेकडीवरचा टाइमबॉलचा मनोरा कोसळला. 1876 मधला. दुपारी एकला त्यावरचा गोळा खाली यायचा आणि तो बघून जहाजांवरची घड्याळं लावली जायची. फेब्रुवारीतच तडकला होता, उतरवून ठेवायचं काम चाललं होतं. म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून तिकडे बघत होती, घरातलं कोणी गेल्यासारखी.

22 फेब्रुवारीच्या भूकंपाचं मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. केंद्र आमच्या डोंगराजवळच, जेमतेम पाच किलोमीटर खोल. लंडन स्ट्रीटवरच्या विटांच्या भिंती रस्त्यावर आल्या, ख्राइस्टचर्चला जायचा बोगदा बंद झाला. नौदलाचं 'कँटरबरी' जहाज नेमकं बंदरात होतं, त्या मुलांनी बेघर झालेल्यांना जेवू घातलं.

आणि आमची टाइमबँक. मी कुणासाठी तासभर राबले की दुसरं कुणी माझ्यासाठी तासभर राबतं. पैसे नाहीत, आणि वकिलाचा तास नि माळ्याचा तास सारखाच. आई, आपली इर्जिकच गं! 2005 पासून चालू आहे, त्यामुळे कुणाला काय येतं, कोण एकटं राहतं, हे लोकांना आधीच ठाऊक होतं.

माझ्या वाट्याला शेजारच्या आजी आल्या. धुराड्याच्या विटा त्यांच्या पलंगावर पडल्या होत्या, त्या तेव्हा स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. आता थंडी वाढली आहे. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते, मऊ खिचडी नेते. रात्री हादरा बसला की त्या खिडकीतला दिवा लावतात, मग मीही माझा लावते. माझ्या फुटलेल्या काचा एका सुताराने बसवून दिल्या, त्याचं नावही मला आधी माहीत नव्हतं.

बाबा, 1967 ला कोयनेच्या भूकंपानंतर चिपळुणात तुम्ही सगळे अंगणात झोपायचात, आजी शेजारच्या पोरांनाही आपल्या गोधडीत घ्यायची, हे तुम्हीच सांगितलंत ना? ते सविस्तर लिहून पाठवा. इथल्या आजींना इंग्रजीत वाचून दाखवायचं आहे, त्या दोनदा मागे लागल्या.

डिसेंबरात येते. तिकीट जाऊन-येऊनचं काढलं आहे. आई, रागावू नकोस.

तुमची,
मनू