‘बाळ हलायलंय का?’ असं रोज विचारणाऱ्या आमच्या आशावहिनींना

आदरणीय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, गावनात्यानं माझ्या वहिनी. तुम्ही मला तोंडावर आभार मानू दिले नाहीत. "गावच्या लेकीनं वहिनीचे आभार मानायचे असतात का," म्हणून विषय संपवलात. त्यामुळं हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आणखी एक कारण आहे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बाळाची वाढ कमी’ असं वाचून रात्री मोबाईल घेऊन जागणाऱ्या कितीतरी जणी असतील. तुम्ही माझ्याशी जे बोललात ते त्यांच्याही कानावर पडावं असं मनापासून वाटतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून मी धारूर तालुक्यातल्या आपल्या गावी आले. दिवाळी झालेली. निम्मं गाव ऊसतोडीला कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेलं, दादाचा कोयताही कर्नाटकात. घरात आई, अण्णा आणि मी. आल्या आल्या तुम्ही माझं माता-बाल संरक्षण कार्ड मागितलंत आणि ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचलंत. तिकडं सासरी तिसऱ्या महिन्याच्या आत केलेल्या सोनोग्राफीचा कागदही काढायला लावलात. तेव्हा मला कळलं नव्हतं की पुढं सगळा हिशेब त्याच कागदावर होणार आहे. सुरुवातीची सोनोग्राफी असली की दिवस पक्के धरता येतात. ती नसती तर बाळ खरंच मागं पडलंय की तारीखच चुकलीय, हेच ठरवता आलं नसतं.

उपकेंद्रावर सिस्टरनी टेबलावर झोपवून ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावला. २८ सेंटिमीटर. मला ३२ वा आठवडा चालू होता. सासरी त्याआधी महिनाभर मागं मोजलं होतं तेव्हा २७ लिहिलेलं. सिस्टरच्या आणि तुमच्या नजरेतला बदल मला दिसला, पण कुणी कपाळाला हात लावला नाही. तुम्ही बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसून सांगितलंत, की चोवीस आठवड्यांनंतर टेपचा आकडा आणि आठवडे जवळपास जुळतात, दोनेक सेंटिमीटर मागंपुढं चालतं, चाराचा फरक असला तर आतून बघावं लागतं. "टेप फक्त सांगतो की बघा. काय आहे ते सोनोग्राफी सांगंल. आज घाबरायचं काम नाही, नऊ तारखेला जायचं काम आहे."

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथं माझ्या कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर लागलं. ते पाहून आईचे हात थरथरायला लागले. लाल म्हणजे वाईट, एवढंच तिला समजलं. तुम्ही कार्ड तिच्या हातात तसंच ठेवलंत आणि स्टिकरवर बोट ठेवून म्हणालात, "मावशी, हे लाल दिसलं की दवाखान्यात हिला लाइनीत मागं कुणी उभं करत नसतंय. कुठंबी गेलात तर आधी हेच दाखवायचं." त्यानंतर आई ते कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवायला लागली.

सोनोग्राफी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात झाली. अंदाजे वजन १,६५० ग्रॅम. त्या आठवड्याच्या शंभर बाळांना वजनाप्रमाणं ओळीत उभं केलं, तर माझं शेवटच्या दहांत आलं असतं. डोकं आठवड्यांप्रमाणं वाढलेलं, पोटाचा घेर मागं. डॉक्टर मॅडमनी समजावलं की रक्त कमी मिळायला लागलं की बाळ आधी मेंदू सांभाळतं आणि पोटाची, चरबीची वाढ मागं ठेवतं. नाळेतून रक्त नीट वाहतंय का ते बघायचं डॉपलर तेव्हा चांगलं होतं. बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत करायची वेळ आली असती तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी मला इंजेक्शनं द्यावी लागली असती, ती तेव्हा लागली नाहीत. माझं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं, त्यासाठी शिरेतून लोह दिलं. पुढची वाढीची सोनोग्राफी दोन आठवड्यांनी. त्याआधी करून उपयोग नाही, कारण सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यातच पडू शकतो. चार दिवसांनी परत बघितलं तर बाळ वाढलं की अंदाज हलला, हे कळत नाही.

वहिनी, खरं अवघड होतं ते हे दोन आठवडे. आणि खरे आभार मला तिथलेच मानायचे आहेत.

घरी आल्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. एक चुलती म्हणाली, ही खातच नाही. दुसरी म्हणाली, आता जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडतंय. सासरहून फोन आला, आमच्याकडं होती तवर तर सगळं नीट होतं. कुणी ग्रहणाचं विचारलं, कुणी पपईचं. प्रत्येकीच्या बोलण्यात मायाच होती, हे मला कळत होतं. पण प्रत्येक वाक्य शेवटी येऊन माझ्यावरच पडत होतं. मी ताटावर बसले की घास मोजले जायचे. रात्री मी पोटाला हात लावून बाळाची माफी मागायचे, कशाची ते मला ठाऊक नसताना.

त्या दुपारी तुम्ही आलात. ओसरीवर चार-पाच जणी बसलेल्या. तुम्ही मला आत नेऊन समजावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण बाहेर काहीच बदललं नसतं. तुम्ही सगळ्यांच्या समोर बोललात. "विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, पण ठिबकची नळी चोंदली तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. त्यात विहिरीची काय चूक? बाळाला सगळं वारेतून जातंय. वार नीट काम करत नसली तर आई कितीबी जेवली तरी बाळाला कमीच पोचतंय. हिनं चांगलं खायचं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या, दुपारची झोपायचं. पण बाळ लहान आहे ते हिच्यामुळं नाही." मग मिश्रीची डबी घेऊन बसलेल्या आत्याकडं वळून सांगितलंत, की तंबाखूनं मात्र बाळाची वाढ खुंटते, तेव्हा पोटुशीला मिश्रीचं बोट कुणी देऊ नका. आत्यानं डबी पदराखाली घेतली. त्या दिवसानंतर आमच्या ओसरीवर माझ्या जेवणाची चर्चा झाली नाही.

आईवरचा दोष असा चारचौघांत उतरवणं हेसुद्धा उपचारच आहेत असं मी मानते. डॉक्टर बाळाकडं बघत होते, घरचे बाळाच्या वजनाकडं. माझ्याकडं तुम्ही बघितलंत.

आणि तुम्ही मला रिकामं बसू दिलं नाहीत. दोन वाट्या, एकीत ज्वारीचे दहा दाणे. रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. दोन तासांत दहा दाणे पलीकडं गेले पाहिजेत. माझे बहुतेक वेळा तासाच्या आतच जायचे. एकदा सलग तीन लाथा बसल्या तेव्हा हातातली वाटीच कलंडली आणि आई बॅटरी घेऊन अंथरुणावर दाणे शोधत बसली. तेवढा वेळ बाळाच्या वजनाचा विचार मनात नसायचा, बाळच असायचं. नऊ-सव्वानऊला तुमचा फोन. "बाळ हलायलंय का?" बाकी चौकशी नाही, उपदेश नाही. मी ‘हो’ म्हटलं की, "मग झोप आता."

एक गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी बजावली होती. हालचाल कमी वाटली तर गोड खाऊन, पाणी पिऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. निघायचं. एका संध्याकाळी वाटीत दोन तासांत चारच दाणे गेले. अण्णा म्हणाले, झोपलं असंल, उजाडू दे. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही १०२ ची गाडी बोलावलीत आणि स्वतःच्या घरचा स्वयंपाक तसाच टाकून गाडीत बसलात. आडस ओलांडलं तेव्हा बाळ जरा हललं आणि मला उगीच सगळ्यांना त्रास दिल्यासारखं वाटून रडू आलं. तुम्ही म्हणालात, "काही निघालं नाही तर चांगलंच की. रिकामं परत येऊ, पण बघूनच येऊ." अंबाजोगाईत पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. तो नीट होता. एक रात्र ठेवून घेऊन घरी सोडलं. परतताना तुम्ही मला एवढंच सांगितलंत, "परत असं वाटलं तर परत फोन करायचा. दहादा वाटलं तर दहादा." हे वाक्य मी या पत्रात मुद्दाम लिहितेय. एकदा ‘काही नाही’ निघालं की दुसऱ्यांदा जायची बाईला लाज वाटते, घरचेही कुरकुरतात. त्या लाजेपायी कुणी घरी थांबू नये.

दुसऱ्या सोनोग्राफीत वजन १,९५० च्या जवळ आलं. वाढ होती, पण ओळीतली जागा तीच. त्यानंतर दर आठवड्याला डॉपलर. पुढं नाळेतला अडथळा वाढलेला दिसला, प्रवाह मात्र चालू होता. मॅडमनी ३७ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करायचं ठरवलं. आतमध्ये वाढत नसेल तर बाहेर वाढवू, असं त्या म्हणाल्या. आईला ते पटेना, दिवस भरायच्या आधी कसं? ते पटवायलाही तुम्हीच आलात. गोळी दिली, रात्रभर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं, पहाटे मुलगी झाली. २,१२० ग्रॅम. लगेच रडली.

बाळाला पेटीत ठेवावं लागलं नाही. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तिची साखर तपासत राहिले, कारण लहान बाळांची साखर लवकर उतरते. मला उघड्या छातीवर तिला धरून बसायला शिकवलं, कांगारूसारखं. घरी आल्यावर ते चालू राहावं म्हणून तुम्ही आईला आणि चक्क अण्णांनाही शिकवलंत. आपल्याकडं आजोबा सदरा काढून नातीला छातीशी बांधून बसलेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, मग बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तुम्ही झोळीचा काटा घेऊन येत राहिलात. गावातल्या बाईनं घरोघरी जाऊन नवजात बाळ बघायचं, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढं ती सगळ्या देशात गेली, असं नंतर वाचलं. मला ती आमच्या ओसरीवर दिसली. काट्याला टांगलेल्या झोळीत माझी मुलगी हात-पाय झाडतेय, त्यामुळं काटा थांबेना, तुम्ही श्वास धरून वाट बघताय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरलं तेव्हा "उतरतंच, चौदाव्या दिवसापर्यंत भरून निघंल" म्हणालात, आणि तसंच झालं. घुटी, मध, रोजची कढत पाण्याची आंघोळ, तेल लावून रगडणं, या सगळ्याला तुम्ही आवाज न चढवता अडवलंत. न्हाऊ घालणाऱ्या आजीचाही मान राखलात. त्यांना म्हणालात, "बाळ अडीच किलो भरू द्या, मग तुमच्याच हातानं."

तुमच्या मोबदल्याची यादी कामांप्रमाणं असते, हे मला आता माहीत आहे. तपासणीचे, दवाखान्यात बाळंतपणाचे, घरभेटीचे. रात्री सव्वानऊच्या फोनसाठी त्या यादीत ओळ नाही. चारचौघांत एका पोरीची बाजू घेण्यासाठी नाही. चालू स्वयंपाक टाकून गाडीत बसण्यासाठी नाही. तुम्ही सगळ्या मानधनासाठी रस्त्यावर बसता तेव्हा ‘गावात काम काय असतंय यांना’ असं म्हणणारे लोक मी ऐकलेत. इथून पुढं माझ्यासमोर कुणी असं म्हणालं, तर मी गप्प राहणार नाही.

मुलगी आता सहा महिने पूर्ण करून सव्वासहा किलोची झालीय. पालथी पडते, माझी बांगडी ओढते. जाऊबाईंना सातवा लागलाय. मी त्यांचं कार्ड मागून घेतलं आणि टेपचे आकडे आठवड्यांशी लावून बघितले. बरोबर आहेत. तुमचा नंबर तरीही त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलाय.

जावळ पुढच्या महिन्यात, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जाऊन काढायचं ठरलंय. दादा कारखान्यावरून आलाय, भाची त्याच्याच मांडीवर बसणार. गाडीत तुमची आणि भाऊंची जागा धरलीय. तारीख नऊ सोडून धरलीय, त्यामुळं तपासणीचं कारण सांगू नका.

तुमची,
गावची लेक आणि तुमची नणंद