ताईला, कोल्हापूरहून

चि. ताई,

रविवारी मी चुकीचं बोललो. ‘घे की मग ते कागदाचं काम, एसीत बसायला मिळतंय,’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

मशीनवरच्या कामाला तुला नाही म्हणणारी चाकणची ही तिसरी कंपनी. डिप्लोमाचे मार्क बघितले, ड्रॉइंग वाचून घेतलं, सगळं पसंत. आणि शेवटी काय, तर शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, मुलींसाठी बाथरूम नाही, नाइट शिफ्टला अडचण होते, तुम्ही डॉक्युमेंटेशनला बसा. एवढी शेड उभी केली, एक बाथरूम बांधायला जड जातंय व्हय! 1948 च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायचं नाही असं होतं, हे खरं. पण महाराष्ट्रात ते केव्हाच सैल झालंय. सुरक्षेची, जाण्यायेण्याची सोय करायची आणि ठेवायचं. सोय करायची नसते म्हणून कायदा पुढं करतात.

खरं सांगू? त्यांनी नाही म्हटल्यावर मला आतून बरंच वाटलं होतं. 1994 ला टर्नरचा आयटीआय करून निघालो, तेव्हापासून आधी उद्यमनगर, मग शिरोली. हाताचा मशीनच्या कूलंटचा वास साबणानं जात नाही, सणाला पुरणपोळी खातानाही येतो. तो तुझ्या हाताला नको, एवढंच डोक्यात.

पण 2019 आठवतंय का? तू आठवीत होतीस. आमच्याकडच्या जुन्या लेथ काढून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी आणल्या आणि 44 व्या वर्षी मला 21 वर्षांच्या पोराच्या हाताखाली शिकायला लावलं. पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅममध्ये जी-झिरो-वनच्या जागी जी-झिरो-झिरो मारला. कापत हळू जायचं ते टूल सुसाट जाऊन जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळलं. बोरिंग बार मोडला, जॉब चकाच्या पकडीतून सुटून दारावर आपटला. फोरमन काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. घरी आलो, जेवलो नाही. तू आलेखाची वही काढून ताटाशेजारी पसरलीस आणि मला उणे झेड कुठल्या बाजूला ते दाखवलंस. एक्सला मी त्रिज्या धरून बसलो होतो. ‘पप्पा, मशीन व्यास मागतंय ना? मग अर्धं कशाला करताय?’ तुझ्या बोटाला आमटी लागली होती, त्याचा डाग वहीत अजून आहे. वही मी टाकलेली नाही.

आईचं म्हणणं तुला माहीत आहे, डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग घे. वाईट नाही, पण तुझ्या मनात असेल तरच. माझं विचारशील तर डॉक्युमेंटेशन नको. ‘सहा महिन्यांनी शॉपवर घेतो’ म्हणतात, पण फायलीत गेलेला माणूस मशीनवर परत आलेला मी फार थोडा बघितला. त्यापेक्षा अ‍ॅप्रेंटिसशिप बघ. डिप्लोमावाल्यांना 1961 च्या कायद्याखाली वर्षभराची असते. स्टायपेंडमध्ये तुझी खोली आणि मेस भागणार नाही. कमी पडेल ते मी घालतो. त्याचं ओझं घेऊ नको. मीही हेल्पर म्हणून लागलो तेव्हा दोन वर्षं तात्याच पैसे धाडायचे.

आणि पुढच्या इंटरव्ह्यूला त्यांनी विषय काढायच्या आधी तूच विचार, बाथरूम कुठं आहे आणि रात्रीची गाडी कुठवर सोडते. तोंड बघूनच कळेल.

शेजारचा पोरगा गुरुवारी एसटीनं येतोय. त्याच्याकडं माझा माप घ्यायचा 0-25 मिमीचा मायक्रोमीटर दिलाय. वापरायच्या आधी झिरो बघ, मागं 0.01 नं चुकायचा, मी लावून घेतलाय. सोबत आईनं चिवडा दिलाय. डबा स्टीलचा आहे, दिवाळीला येताना परत आण, नाहीतर बोलणी मलाच बसतात.

पप्पा