लांबच्या राइडला सायकल घेताना टायर आणि दिवा आधी पाहा

मा. संपादक,

दिवाळीनंतर ऊन उतरले की ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, तयारीला जोर येतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ६०० ला ४०. याच सुमारास नवी मुले दुकानात जातात आणि सायकल एका हाताने उचलून पसंत करतात. किलोभर वजन वाचवायला मोजलेले पैसे आपल्या रस्त्यांवर वाया जातात.

आधी पाहा, ३२ मिलिमीटरचा टायर बसून फ्रेमपाशी चार-पाच मिलिमीटर जागा उरते का. उरली नाही तर काळ्या मातीचा चिखल चाकाला धरतो आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही. ७० किलोच्या माणसाला मागे ६०-६५ पीएसआय हवा पुरते, पुढे पाचेक कमी. शंभर भरली की सिमेंट रस्त्याचा प्रत्येक सांधा मनगटात बसतो.

खरा वैरी बाभळीचा काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. रबरात मोडून राहिलेले टोक बोटाला लागत नाही, कापूस मात्र तिथे अडकतो. हे टाळले तर नवी ट्यूबही दोन-चार किलोमीटरवर बसते आणि बोल कंपनीला लागतो. टायर ट्यूबलेस असेल तर दर चाकात ४०-५० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारे द्रव, हवे. आपल्या उन्हात ते लवकर सुकते, दर दोन महिन्यांनी बघावेच. प्रेस्टा, म्हणजे अशा सायकलींच्या बारीक, व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याचा पाइप बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवा.

गिअर पुढे ३४, मागे ३२ किंवा ३४ दातांचा हवाच. पायात अडीचशे किलोमीटर असताना बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट चढून पाहिला की कळते.

दिव्यांत काटकसर नको. पुढे दोन, मागे दोन, सायकलला पक्के बसवलेले. मागचा स्थिर ठेवा. नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून मागच्या चालकाला अंतराचा अंदाज येत नाही. पुढचा दिवा तर जिवाचा प्रश्न आहे, कारण हाच उसाच्या गाळपाचा हंगाम. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबत्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकलेला. साखर कारखान्यांना कळकळीची विनंती आहे: ट्रॉली भरल्यावर वाढ्यांच्या वरून, बाहेरच्या बाजूने लाल चकाकती पट्टी बांधल्याशिवाय ती रस्त्यावर येऊ देऊ नये.

— एक सायकलस्वार, अंबाजोगाई