वसईच्या सरांना, हाताने लिहिलेल्या दोन पानांबद्दल

सर,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

पहिल्या भेटीत तुम्ही माझं पियानोचं पुस्तक चाळलंत आणि न बोलता मिटून ठेवलंत. जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या इन्व्हेन्शनच्या, म्हणजे दोन हातांनी दोन स्वतंत्र सूर वाजवायच्या त्या छोट्या रचनेच्या, नोट्स त्यात शोधाव्या लागत होत्या. जागोजागी कुठली नोट कुठल्या बोटाने हे सांगणारे छापील आकडे, वरून नोट्स जोडून वाजवा सांगणाऱ्या लांबलचक कमानी, म्हणजे स्लर, आणि त्यावर आधीच्या क्लासमधली लाल पेनाची वर्तुळं. पुढच्या वेळी तुम्ही माझ्या हातात दोन पानं ठेवलीत. अख्खी इन्व्हेन्शन तुम्ही स्वतः उतरवून काढली होती, काळ्या शाईत, माझ्या चष्म्याला झेपेल एवढ्या ठळक अक्षरात. आकडा नाही, स्लर नाही. "बाखने एवढंच लिहिलंय. बाकीचं तुमचा हात बघून ठरवू."

बाखचे शिष्यही त्याच्या रचना अशाच उतरवून घेत, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. इथे मात्र उतरवण्याचं काम गुरूने केलं! रविवारची मिस्सा, लग्नांचा सीझन, मुलांचे क्लास हे सगळं सांभाळून. तेही पन्नाशी उलटलेल्या, कुठलीही परीक्षा न देणाऱ्या बाईसाठी.

आधीच्या क्लासमध्ये मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, उजव्या हाताचं चौथं बोट (अंगठ्यापासून मोजून, म्हणजे अनामिका) फ्रॅक्चरनंतर आखडलंय. उत्तर मिळालं, "छापलंय तसंच वाजवा, नाहीतर परीक्षेचं विसरा." परीक्षा मला हवी आहे का, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. शिवाय प्रत्येक नोट पुढचीला चिकटलीच पाहिजे, कारण या इन्व्हेन्शन्सच्या 1723 च्या प्रतीवर बाखनेच गाण्यासारखं वाजवा असं लिहिलंय म्हणे. लिहिलंय खरंच. पण गाणारा मधे श्वासही घेतो की!

तुम्ही पियानो बाजूला ठेवून आधी हार्पसिकॉर्ड, म्हणजे बाखच्या काळातलं पट्ट्यांचं वाद्य, समजावलंत. त्यात तार छेडली जाते. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच. मग एखाद्या नोटेवर वजन द्यायचं कसं? तिच्याआधी बोट किंचित लवकर उचलायचं. ती एवढीशी फट पडली की पुढची नोट आपोआप उठून दिसते. आणि सगळं चिकटवायचं नसेल, तर बोटांनाही एकमेकांना धरून चालायची सक्ती राहत नाही. 1720 मध्ये बाखने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, वही सुरू केली, तिच्यातल्या एका छोट्या तुकड्यावर बोटांचे आकडे आहेत: उजवा हात सप्तक चढताना तीन-चार, तीन-चार. अंगठा बाकीच्या बोटांखालून घालायचा तो आपला नेहमीचा प्रकार तिथे नाहीच. मी तो आकड्यांचा क्रम बघत राहिले आणि आधीच्या क्लासची आठवण येऊन मनातल्या मनात खूप हसले.

इन्व्हेन्शनच्या पहिल्या मापात झपझप जाणाऱ्या सोळांशाच्या नोट्स संपल्या की जी-सी-बी-सी या नोट्स येतात, बी वर मॉर्डंट, म्हणजे खालच्या नोटेला झटकन शिवून परत यायची नक्षी. छापील आकडा तिथे चौथ्या बोटाचा होता आणि माझा मॉर्डंट दर वेळी तिथेच अडखळायचा. तुम्ही माझा हात उलटसुलट करून पाहिलात, चौथं बोट हलकेच वाकवून पाहिलंत, दुखतंय का विचारलंत. मग सी पाचव्याने, बी तिसऱ्याने, परत सी पाचव्याने. त्या चार नोट्स सुट्या वाजवायच्याच आहेत, मग मधलं चौथं बोट गाळलं तर कुणाचं काय बिघडतं? पेन्सिल माझ्याच हातात दिलीत आणि पानावरचे पहिले आकडे मी लिहिले.

समोरच्याचं दुखणं ऐकून घेणारी माणसं अजून आहेत. फक्त त्यांच्या क्लासच्या पाट्या मोठ्या नसतात. खाऱ्या हवेने तुमच्या पियानोच्या दोन पट्ट्या पावसाळ्यात वर येत नाहीत, त्यावरही तुम्ही शांतपणे शिकवता. आधीच्या ठिकाणी एसी होता, चकचकीत ग्रँड पियानो होता आणि भिंतभर सर्टिफिकिटं होती.

आता व्यवहाराचं. फीचा विषय काढला की तुम्ही वाडीतल्या केळ्यांवर घसरता. या खेपेला मी पाकीट घेऊन येणार आहे आणि केळीही नेणार आहे. बाईंनाही तसं सांगून ठेवलंय, तेव्हा तिकडून मदत मिळेल ही आशा सोडा.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी