तालमीचं दार संध्याकाळी उघडा

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही तुमच्या तालमीतल्या जोडीदाराचं सांगितलंत तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. छातीत दाटून आलं, दरदरून घाम, हात जड. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा पाजला आणि दवाखाना गाठेपर्यंत तीन तास गेले. काका वाचले, पण त्या तीन तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो आता परत यायचा नाही. फोनवर हा विषय काढला की तुम्ही पावसापाण्याचं बोलू लागता, म्हणून लिहून पाठवते.

तुमच्या खांद्यावर बसून आपल्या बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातल्या कुस्त्या बघितलेली मी मुलगी. तुमच्या पैलवानकीचा मला आजही अभिमान आहे. पण तुमच्या जोडीच्या सगळ्यांचं एकच झालं. पस्तिशीत कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला. तेच दूध, तेच तूप, तेच बदाम, रविवारी तसंच मटण. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या अंगाला ते लागत होतं, आता ते पोटावर बसतं. तुम्ही म्हणता, "मी दिवसभर मागावर उभाच असतो की." उभं राहून पाय भरून येतात, पण हृदयाला काम पडत नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा श्वास फुलला पाहिजे. तसं आठवड्याला निदान १५० मिनिटं चालायचं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास.

तुम्ही लगेच त्या कन्नड नटाचं, पुनीत राजकुमारचं नाव घ्याल, मला माहीत आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला तो गेला तेव्हा आपल्या गल्लीत सगळे हेच म्हणत होते, "एवढा व्यायाम करणारा ४६ व्या वर्षी जातो, मग आपण कशाला करायचा?" बाबा, व्यायामानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून तपासणीही लागते. त्याच्याच नावानं कर्नाटक सरकारनं हृदय ज्योती योजना काढली आहे. त्यात ठरावीक तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुकट देतात. खानापूरच्या मामांना सांगा, त्यांच्या दवाखान्यात ते मिळतं का हे आजच विचारून ठेवा. छातीत दाटलं तर सोडा नको, शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसणं नको, १०८ ला फोन करायचा.

आई, हे सगळं बाबांसाठीच आहे असं समजू नकोस. पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाचा धोका वाढतो आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, उगाच गळून गेल्यासारखं होतं. आणि तू "भाकऱ्या तेवढ्या थापते, मग बघू" म्हणणारी. तुझी शिवणाची टेप काढ आणि दोघांची कंबर मोज. आपल्याकडच्या पुरुषाची ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत हवी, बाईची ८० च्या, साडेएकतीस इंच. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त सांगते, कारण पोटातली चरबीच रक्तदाब आणि साखर वाढवते.

मी मनाशी एक ठरवलं आहे. एकट्यानं चालणं चार दिवस टिकतं. गल्लीतली तालीम संध्याकाळी रिकामीच असते, पोरं जिमला जातात. बाबा, वस्तादांशी बोला आणि सहा ते सात साठीच्या लोकांसाठी दार उघडून घ्या. कुस्तीच्या हौद्यात उतरायचं नाही, जोर-बैठकांचे जुने आकडे तर अजिबात नको. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं, भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं, हलकी मुदगल फिरवायची. काकांना त्यांच्या डॉक्टरांनी होय म्हटल्यावरच घ्या, पण घ्या. आई, कट्ट्यावर बसणाऱ्या तुम्ही सहाजणी मंगाई देवळापर्यंत जाऊन या. गप्पा तिथंही होतात. एखादी आली नाही तर तिच्या दारात हाक मारायची. मला या हाकेचाच भरवसा वाटतो.

आणि बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद केलीत हे आईनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. बरं वाटतं ते गोळीमुळेच. उद्याच डॉक्टरांना दाखवून पुन्हा सुरू करा. तंबाखूची डबी मात्र मी आल्यावर माझ्या हातात द्या. मीठ दोघांनी मिळून दिवसाला दोन लहान चमचे, त्यात लोणचं, पापड, चटणी सगळं आलं. कुंदा सणाला खा, त्याला मी नाही म्हणणार नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. बाबांसाठी नऊ नंबरचे चालायचे बूट घेतलेत. रविवारी पहाटे आपण तिघं येळ्ळूर रोडनं, राजहंसगड दिसेपर्यंत जाऊ. टेप टेबलावर काढून ठेव, आई.

तुमची,
ताई