ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आमचा बालदवाखाना परत द्या

मा. आरोग्यमंत्री,
वेस्टमिन्स्टर, लंडन

स. न. वि. वि.

आमच्या वस्तीतला मुलांच्या लसीकरणाचा दवाखाना करोनाकाळात ‘तात्पुरता’ बंद झाला. तो पुन्हा उघडेल, असे आम्हाला लेखी कळवले होते. गेल्या आठवड्यात पत्र आले : आता कायमचा बंद. ते हातात पडले तेव्हा माझी आठ महिन्यांची मुलगी गोवराने फणफणली होती.

गोवराची लस इथे पहिल्या वाढदिवसानंतर टोचतात. तोवर तान्ह्यांना सांभाळते ती मोठ्या मुलांनी घेतलेली लस. लंडनमध्ये पाच वर्षांच्या मुलांपैकी दोन्ही डोस झालेली तीन चतुर्थांशही नाहीत. हवीत ९५ टक्के. आईबापांच्या अडाणीपणाला दोष देऊ नका. दोन बस बदलून, दिवसाची मजुरी बुडवून लस टोचायला जा, असे कुणाला सांगता आहात?

महोदय, युद्धकाळातल्या फिन्सबरीचे दप्तर एकदा मागवून वाचा. लंडनमधला, पुढे इझलिंग्टनमध्ये विलीन झालेला, दाटीवाटीचा, गरीब बरो तो, म्हणजे स्वतःची पालिका असलेला विभाग. १९३८ मध्ये, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दहा वर्षे आधी, त्याने पाइन स्ट्रीटवर स्वतःचे आरोग्यकेंद्र बांधले. क्षयाची तपासणी, दातांचा दवाखाना, पायांवरचे उपचार, निर्जंतुकीकरण, सगळे एका छपराखाली. आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कतियाल, पंजाबातून आलेले डॉक्टर. त्याच वर्षी ते तिथले महापौर झाले आणि युद्ध पेटल्यावर नागरी संरक्षणाच्या वैद्यकीय कामाला लागले. १९४० साली इंग्लंड-वेल्समध्ये घटसर्पाचे ४६ हजारांवर रुग्ण होते, मृत्यू जवळपास अडीच हजार. डोक्यावर बॉम्ब पडत असताना सरकारने लस फुकट पुरवली आणि ठिकठिकाणच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ती मुलांपर्यंत पोचवली. १९५७ मध्ये वर्षभरात चाळीस रुग्णही सापडले नाहीत. तुमच्यावर कोणते बॉम्ब पडताहेत?

माझ्या मुलीचे डोळे चिकटून बंद झाले होते. नाकाला प्राणवायूची नळी, आणि ती ओढू नये म्हणून मी रात्रभर तिचे हात धरून बसायची. नवऱ्याची रजा संपली, माझा पगार कापला गेला. साताऱ्याहून आई फोनवर पुन्हा पुन्हा विचारायची, “गोवर? तिथे? लंडनात?” काय उत्तर देणार होते मी? वॉर्डातल्या नर्सने, केरळची होती बिचारी, स्वतःची कामाची पाळी संपल्यावरही थांबून मला चहा आणून दिला. तुमची आरोग्यसेवा अशा बायकांच्या जिवावर उभी आहे, मंत्रालयाच्या नव्हे.

आणि दाद मागायची कुणाकडे? त्या युद्धकाळात प्रत्येक बरोला एक वैद्यकीय आरोग्य अधिकारी असे. वर्षाला किती बालके दगावली, दूध कसे होते, गटारे कशी होती, याचा अहवाल त्याच्या नावाने छापला जाई. ते पद १९७४ मध्ये मोडीत काढलेत. आज लसीकरण एकाकडे, घरी येणाऱ्या आरोग्यसेविका कौन्सिलकडे म्हणजे स्थानिक पालिकेकडे, इमारत तिसऱ्याकडे. मी फोन केला की प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव सांगतो. कौन्सिलांना सार्वजनिक आरोग्यासाठी मिळणारे अनुदान २०१५ पासून, महागाई धरली तर, माणशी पाव हिश्श्याहून अधिक घटवलेत. आमच्यासारख्या व्हिसावरच्या कुटुंबांकडून मात्र करांखेरीज माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार घेता, लेकरामागे ७७६. तो पैसा आमच्या वस्तीत कुठे दिसतो? पक्ष बदलले, मंत्री बदलले, प्रत्येकाने नवी योजना जाहीर केली आणि जवळचे एकेक दार बंद होत गेले. गरीब वस्त्यांतलीच दारे का, तेही एकदा सांगा.

दवाखाना कोणत्या तारखेला उघडणार? आमच्या भागातल्या लसीकरणाला जबाबदार असा एक अधिकारी कोण, त्याचे नाव काय? दोन्ही उत्तरे सहीनिशी पाठवा. ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढेच उत्तर आले, तर ते घेऊन आम्ही वस्तीतल्या आया, कडेवर लेकरे घेऊन, तुमच्या कार्यालयात येऊ.

एक आई,
उत्तर लंडन