बागेच्या हत्यारांच्या मांडणीविषयी मित्रास पत्र

दापोली,
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पुण्याच्या घरामागच्या चिंचोळ्या जागेत तू बाग लावलीस, हे वाचून आनंद झाला. परंतु हत्यारे ठेवण्यासाठी पत्र्याचे तयार कपाट घ्यावे की काय, असे तू विचारलेस, म्हणून इतर सर्व गोष्टी बाजूला ठेवून आधी त्याचेच उत्तर लिहावयास बसलो आहे. कपाट घेऊ नकोस. मातीची ओली हत्यारे बंद कपाटात ठेवणे म्हणजे गंज मुद्दाम पोसणे होय. शिवाय मी नुकतीच मागच्या पडवीत एक उघडी मांडणी स्वतःच्या हाताने केली आहे. तिला सगळे मिळून आठशे चाळीस रुपये आणि तीन रविवार लागले, आणि त्यांतला एक रविवार केवळ माझ्या अडाणीपणामुळे वाया गेला. तो तुझा वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लांबणार आहे.

या कामाची सुरुवात खंडेनवमीला झाली. आपल्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात, हे तुला ठाऊकच आहे. वर्षातून त्या एकाच दिवशी माझी सगळी हत्यारे एके ठिकाणी येतात. एरवी कुदळ गोठ्यात, पहार माडाच्या आळ्यात, खुरपी जिथे शेवटची वापरली तिथे, आणि छाटणीची कात्री कुठे असेल ते सांगता येत नाही. अंगणात मांडलेली ती रांग पाहिली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे माझ्याजवळ सहा खुरपी आहेत, कारण प्रत्येक वेळी हरवले असे समजून मी नवे आणले होते. दुसरी म्हणजे ज्या हत्यारांना गंज चढला होता, त्या सर्वांची लोखंडी बाजू जमिनीला टेकून ठेवलेली होती. भिंतीला उभी करून ठेवलेली फावडी पात्याच्या काठाशी पार खाल्ली गेली होती, आणि छपराच्या वाशांत खोचून ठेवलेला जुना कोयता मात्र वीस वर्षांनीही स्वच्छ होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, फळ्या आणण्यापूर्वी हत्यारे अंगणात मांड. प्रत्येकाची लांबी मोज, पाते किती रुंद आहे ते पाहा, आणि रोज लागणारी, आठवड्याला लागणारी व वर्षातून एकदा लागणारी असे तीन ढीग कर. मांडणी हत्यारांच्या मापाने करावयाची असते, मिळालेल्या लाकडाच्या मापाने नव्हे. मी हे उलटे केले होते.

माझा पहिला प्रयत्न असा होता, की जुन्या छपराच्या दोन रिपा मागच्या भिंतीला आडव्या ठोकावयाच्या आणि त्यांना खिळे मारून हत्यारे टांगावयाची. सोपे वाटले. पण आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. जांभा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिलने भोक पाडले की आतली भुकटी गळत राहते, आणि प्लास्टिकची खुंटी त्यात धरते असे आपल्याला नुसते वाटते. रीप चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी मी तिला सात-आठ किलोची पहार अडकवली आणि रात्री जो आवाज झाला, त्याने कुत्रा आणि मी एकाच वेळी उठून बसलो. तुझी भिंत विटांची असल्याने तुला हा त्रास होणार नाही. तरीही सगळा भार भिंतीवर टाकू नये, मांडणी आपल्या पायांवर उभी राहावी आणि भिंतीने तिला केवळ पाठीशी धरावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या प्रयत्नासाठी टाइल्सच्या एका दुकानातून दोन लाकडी पॅलेट दीडशे रुपयांना एक याप्रमाणे आणले. पॅलेट म्हणजे ज्यावर खोकी रचून यंत्राने उचलतात ती फळ्यांची चौकट. माझे पॅलेट चार फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद आहेत. ते निवडताना मात्र घाई करू नकोस. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर कणसाचे चिन्ह भाजलेले किंवा छापलेले असते आणि त्याशेजारी अक्षरे असतात. त्यांत ‘एच टी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे असे समजावे. ‘एम बी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरी आणू नये. कोणतेही चिन्ह नसले तरी हरकत नाही, परंतु लाकडावर तेलकट वा रंगीत डाग असतील, उग्र वास येत असेल, तर ते फुकट मिळाले तरी नको. आमच्याकडे लोटे गावाच्या बाजूला रसायनांचे कारखाने आहेत; तिकडून आलेल्या पॅलेटवर काय सांडले असेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसते.

पॅलेट सोडवणे हेच या कामातले खरे कष्ट. त्याचे खिळे पिळाचे असतात. हातोडी व पहार घेऊन मी फळ्या उचकटू लागलो आणि तीन चांगल्या फळ्या चिरून टाकल्या. तेव्हा शेजारचे सुतारकाका कुंपणापलीकडून बराच वेळ पाहत होते. शेवटी न राहवून ते आत आले, फळी आणि तिच्याखालचा ठोकळा यांच्या फटीत त्यांनी लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते घातले आणि खिळेच कापून काढले. फळीला ओरखडाही नाही. “खिळ्याशी भांडू नये, त्याला कापावे,” एवढेच बोलून ते चहाला थांबले.

आता रचना सांगतो. एक पॅलेट अखंड ठेवून उभे केले; ती पाठ झाली. दुसरे मधोमध कापून त्याचा अर्धा भाग खाली आडवा ठेवला. ती बैठक झाली. बैठकीच्या मागच्या कडेवर पाठ उभी करून दोन्ही बाजूंनी उरलेल्या फळ्यांचे तिरपे आधार दिले आणि सगळीकडे अडीच इंची स्क्रू वापरले. पॅलेटचे लाकूड हलके आणि कोरडे असते, टोकाजवळ स्क्रू पिळला की फाटते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी बारीक भोक पाडून घे. बैठकीखाली चार कोपऱ्यांना अर्धे चिरे ठेवले आहेत, त्यामुळे ती जमिनीपासून सहा इंच वर राहते. या सहा इंचांची किंमत आमच्या पावसात कळते. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून त्याचे शिंतोडे पडवीत दोन फुटांपर्यंत येतात. शिवाय वाळवी जमिनीतून येते ती मातीची नळी बांधत येते. चिरा उघडा दिसत असला की ती नळी नजरेस पडते आणि केरसुणीने मोडता येते. पाठीचे वरचे टोक तारेने वाशाला बांधले आहे, नाही तर पुढच्या बाजूला भार पडून मांडणी अंगावर येण्याची भीती असते. हे बांधणे विसरू नकोस; घरात नातवंडे येतात.

खुंट्यांविषयी मात्र मला सविस्तर लिहावयाचे आहे, कारण सगळी मांडणी खुंट्यांवरच उभी आहे. बाजारातले लोखंडी हूक मी घेतले नाहीत. आमच्या खाऱ्या हवेत ते हत्यारांच्या आधी गंजतात. पेरूच्या फांद्या छाटल्या होत्या, त्यांच्या खुंट्या केल्या. पेरूचे लाकूड टणक आणि चिवट. पण मी त्या ओल्याच बसवल्या, आणि आठवडाभरात वाळून त्या इतक्या आकसल्या की हाताने उपसून काढता येऊ लागल्या. तोच माझा वाया गेलेला रविवार. दुसऱ्या खुंट्या गेल्या वर्षीच्या, जळणात पडलेल्या फांद्यांच्या केल्या. त्या अजून हललेल्या नाहीत. प्रत्येक खुंटी फूटभर लांब घेतली. पॅलेटला पुढे आणि मागे अशा फळ्यांच्या दोन ओळी असतात, त्या जेथे समोरासमोर येतात तेथे दोन्हींना भोक पाडून खुंटी आरपार घातली. अशी दोन ठिकाणी धरलेली खुंटी एका पातळ फळीत अडकवलेल्या खुंटीहून कितीतरी पक्की असते. मागचे भोक पुढच्यापेक्षा अर्धा इंच खाली पाडावे, म्हणजे खुंटीचे तोंड किंचित वर राहते आणि हत्यार घसरत नाही.

कुदळ आणि टिकाव यांसाठी दोन-दोन इंच अंतरावर खुंट्यांची जोडी बसवली. दांडा दोन खुंट्यांच्या मधून खाली सोडावयाचा आणि लोखंड वर, भिंतीशी समांतर टेकवावयाचे. टोक आपल्याकडे येता कामा नये, कारण ते नेमके छातीच्या उंचीवर असते. खुंटी बाहेर सात इंच असल्यामुळे एका जोडीवर दोन कुदळी एकीपुढे एक राहतात. फावड्याला एकाच बाजूस पाते असल्याने ते कलते. त्याच्या दांड्यासाठी खाली एक तिसरी खुंटी द्यावी लागली. लोखंड वर ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की नेढ्यात बसलेला दांडा आणि पाचर सैल झाली आहे की नाही, ते हत्यार उतरवतानाच दिसते.

पहार, दाताळे आणि खराटा यांच्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाईपचे सहा-सहा इंचांचे तुकडे उभे लावले. पाईप आतून स्क्रूने पक्का करावयाचा असतो आणि पेचकस आत जात नाही, यावर मी अर्धा तास डोके खाजवले. उपाय सोपा आहे: समोरच्या बाजूला पेचकस जाईल एवढे मोठे भोक पाडावे, त्यातून स्क्रू आत नेऊन मागच्या बाजूला पिळावा. पाईपची दोन्ही तोंडे उघडी ठेव, म्हणजे पाणी साठणार नाही. घमेली बैठकीवर पालथी ठेवतो. खुरप्यांसाठी फळीला खाचा पाडल्या आहेत. कोयती मात्र कमरेला बांधावयाच्या लाकडी आकडीतच ठेवून ती आकडी सर्वांत वरच्या खुंटीला अडकवली आहे, कारण धारेचे हत्यार उघडे टांगणे मला पटत नाही. आंबे उतरवावयाचा नूतन झेला, आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच तयार केलेला, त्याची काठी कोणत्याही मांडणीत मावणार नाही. तो वाशांखाली आडवा गेला.

लाकडाला काय लावावे, असे तू विचारशील. पुष्कळ लोक गॅरेजमधले जळके ऑइल फासतात. स्वस्त आहे, पण हाताला आणि कपड्यांना लागत राहते. मी बैठकीला आणि पायांना काजूच्या टरफलांचे तेल, म्हणजे आपले डिंबेल, लावले. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. परंतु ते कातडीवर उतते, बिब्ब्यासारखेच. हातमोजे न घालता लावल्यामुळे माझ्या मनगटावर आलेले फोड दहा दिवस राहिले, आणि घरच्यांनी त्यावर जे बोलावयाचे ते बोलून घेतले. तुला पुण्याच्या कोरड्या हवेत याची गरज नाही. दांड्यांना मात्र जवसाचे तेल वर्षातून दोनदा चोळत जा, दांडा तडकत नाही आणि हातही सोलत नाही.

एक गोष्ट मांडणीच्या पायथ्याशी ठेवली आहे, तिचा मला सर्वांत जास्त उपयोग होतो. जुन्या बादलीत कोरडी वाळू भरून तिच्यात थोडे तेल मुरवले आहे. काम संपले की खुरपे पुसून चार-पाच वेळा त्या वाळूत खुपसावयाचे; माती निघते आणि पात्याला तेलाचा हात बसतो. वाळू नदीची घे. मी प्रथम हर्णैच्या किनाऱ्यावरची आणली होती, तिच्यातल्या मिठाने दोन दिवसांत खुरप्यांवर तांबूस पुटे चढली.

तुझी जागा सहा फुटांची आहे, तेव्हा तुला बैठकीची गरज नाही. एकच पॅलेट दोन विटांवर उभे कर, वरून भिंतीला दोन ठिकाणी बांध, आणि खुंट्या आठच बसव. आठांवर न मावणारी हत्यारे तुला लागणारही नाहीत. फावड्याच्या आणि कुदळीच्या दांड्यांची जाडी सुतळीने मोजून कळव. माझ्याकडे वाळलेल्या पेरूच्या फांद्या अजून शिल्लक आहेत, त्या मापाच्या खुंट्या तासून पुढच्या आठवड्यात भाचा पुण्याला येत आहे त्याच्याबरोबर पाठवतो. त्याच्याबरोबर दोन खुरपीही येतील. सहांपैकी चार मला पुरतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आबा